जाजमाची सुरकुती

तांब्याची तार बोटांनी सहज वाकते. हे खरं तर नवल आहे. तार वाकायची म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून सरकायला हवेत. अख्खा थर एकदम सरकवायला किती ताण लागेल, याचं गणित याकोव्ह फ्रेंकेल यांनी 1926 साली मांडलं. उत्तर आलं, शुद्ध धातूच्या स्फटिकाला प्रत्यक्षात लागतो त्याच्या हजारो पट!

मग तार वाकते कशी? कार्यालयात अंथरलेलं मोठं जाजम ओढून पाहा, हलत नाही. पण एका कडेला सुरकुती पाडून ती पायाने पलीकडे नेली, की जाजम बोटभर सरकलेलं असतं. स्फटिकातही अशी सुरकुती असते. अणूंचा एखादा थर मध्येच संपतो आणि त्याची ती कड म्हणजे डिसलोकेशन. ही कल्पना 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. 1956 मध्ये केंब्रिजला पीटर हर्श आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात ही सुरकुती सरकताना डोळ्यांनी पाहिली.

1974 साली याच सुरकुतीने दोन वेगळी कोडी उलगडली. पहिलं तड्याचं. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो. तिथे बंध तुटणं सोपं, की डिसलोकेशन बाहेर पडणं? राइस आणि थॉमसन यांनी हा हिशेब मांडला. तांब्यात डिसलोकेशन निघतं, टोक बोथट होतं, तडा थबकतो. थंड सिलिकॉनमध्ये ते अवघड, म्हणून सिलिकॉन काचेसारखं फुटतं. शेकडो अंश तापवलं, की तेच वाकतं.

दुसरं कोडं पातळ थरांचं. जर्मेनियमच्या अणूंमधलं अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे 4 टक्के जास्त. सिलिकॉनवर या दोघांच्या मिश्रणाचा थर चढवला, तर तो अंग चोरून बसतो. जाडी वाढते तसा ताणाचा साठा वाढतो. एका ठरावीक जाडीपुढे डिसलोकेशन पडणंच स्वस्त ठरतं. अशी जाडी कशी काढायची, हे मॅथ्यूज आणि ब्लेकस्ली यांनी दाखवलं. चिप बनवणारे शक्यतो तिच्या आत राहतात, कारण डिसलोकेशनमधून वीज गळू शकते.

धातूला तड्यापासून वाचवणारी सुरकुतीच चिपला नकोशी!

आता ती तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. ती कडक होत जाते. असंख्य सुरकुत्या एकमेकींत गुंतून अडकतात. सरकायला वाटच उरत नाही, तेव्हा तार तुटते.