विश्वाच्या कापडाचे धागे

सोलापुरी चादर दुरून एकसंध दिसते. जवळून पाहिली की उभे-आडवे धागे वेगळे दिसू लागतात. आपल्याभोवतीचे अवकाशही असेच विणलेले असेल का? खानदेशातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले आणि आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात असलेले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. अभय अष्टेकर यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. विश्वाच्या आरंभाचे कोडे त्याच्याशी जोडलेले आहे.

दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, म्हणजेच विश्व प्रसरण पावत आहे. हा चित्रपट उलटा फिरवला, तर सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळे अतिशय दाट आणि तप्त होते असे दिसते. इथवर भक्कम पुरावे आहेत. आणखी मागे गेल्यास आइन्स्टाइनच्या १९१५ च्या समीकरणांतून घनता ‘अनंत’ येते. यालाच अनेकजण ‘शून्यातून विश्वाचा जन्म’ समजतात.

पण थर्मामीटरचा पारा शेवटच्या खुणेला टेकला, म्हणून रुग्णाचा ताप अनंत होत नाही; मोजपट्टी संपलेली असते. इथेही तेच घडते. अतिसूक्ष्म जगात पुंजयामिकीचे नियम चालतात आणि आइन्स्टाइनच्या समीकरणांत ते नाहीत. या टोकाला पुंजयामिकी लावली तर काय होईल, याचा शोध डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७० च्या दशकातच घेतला होता.

अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या रूपात मांडली. त्यातून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा सिद्धांत उभा राहिला. त्यानुसार अवकाश सलग नाही, त्यालाही धागे आहेत. मीटरचे १ वर ३५ शून्ये इतके भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा हा बारीकपणा. कापड कितीही घट्ट विणले तरी दोन धागे एकाच जागी बसत नाहीत. तसेच अवकाशही एका मर्यादेपलीकडे दाबले जात नाही.

या मर्यादेचा परिणाम २००६ मध्ये अष्टेकर, तोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी गणिताने दाखवला. दर घनसेंटिमीटरमध्ये सुमारे २ वर ९३ शून्ये इतके ग्रॅम, एवढी घनता झाली की गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलू लागते. आधीचे आकुंचन पावणारे विश्व चेंडूसारखे उसळी घेते आणि पसरू लागते. म्हणजे महास्फोटाच्या आधीही काळ होता.

सगळ्यांना हे मान्य नाही. जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांच्या १९८३ च्या मांडणीत ‘त्याआधी काय’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो. उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय, असे विचारण्यासारखा. निवाडा पुराव्यानेच होईल. १९६४ मध्ये सापडलेल्या आणि सर्व आकाशात पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणात अशा उसळीच्या खुणा शोधल्या जात आहेत. निर्विवाद खूण अजून मिळालेली नाही. तोवर महास्फोटाला विश्वाचा पहिला क्षण न म्हणता, आपल्या खात्रीच्या ज्ञानाची सीमा म्हणणे अधिक योग्य.