वळणावर चार चाकांचा हिशेब

चिंचवडहून रोज हिंजवडीला जाणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: फोर बाय फोर 'थार' घ्यायचं मनात आहे, रोजच्या वापराला ती सोयीची पडेल का? आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना चारही चाकं जोडणारी फोर-हाय लावून ठेवली तर गाडी जास्त सुरक्षित राहील ना? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कोरड्या डांबरावर फोर-हाय कधीच लावू नका, आणि ओल्या डांबरावरही घाट उतरताना तिचा काही उपयोग नाही. हे का, ते समजायला घड्याळजीच्या दुकानात जावं लागतं.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. शाळेच्या कवायतीत अख्खी रांग वळायची, तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटायचा आणि बाहेरचा लांब ढांगा टाकत धापा टाकायचा, तसंच. एका आसाच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरा. यू-टर्न घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ३.१४ गुणिले दीड, म्हणजे ४.७ मीटर जास्त चालतं. वळण गल्लीतलं असो की स्टेडियमला वळसा घालणारं, अर्ध्या फेरीतला हा फरक तेवढाच राहतो, कारण त्रिज्या हिशेबातून चक्क गळून पडते! हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं होतं.

बैलगाडीला ही अडचण नाही. ओढतात बैल, चाकं आसावर मोकळी फिरतात. चाकांनाच ताकद पुरवायची म्हटलं की पेच पडतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली तर वळणावर एक तरी घसटणारच. हा पेच वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल बसवून सोडवला फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकरने, १८२७-२८ च्या सुमारास. बेंझ आणि फोर्ड ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पेकर मात्र कुणाला आठवत नाही. तो मुळात घड्याळजी होता, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण डिफरन्शियल घड्याळांत आधीपासून होतं. सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ वर्षभरात पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत मागेपुढे होते. हा फरक घड्याळाच्या वेळेत मिळवून सूर्याची वेळ दाखवण्यासाठी लंडनच्या जोसेफ विल्यमसनने १७२० मध्ये असेच दाते वापरले होते. म्हणजे डिफरन्शियल हे दात्यांचं बेरीज-यंत्र आहे. घड्याळात ते दोन गतींची बेरीज करतं. गाडीत तेच उलटं चालतं: दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी इंजिन ठरवतं, आणि कुठल्या चाकाने किती फिरायचं ते रस्त्यावर सोडलेलं असतं.

आता थारकडे येऊ. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसाला आपापलं डिफरन्शियल आहे, पण त्या दोन आसांच्या मधे नाही. फोर-हाय लावली की दोन्ही आसांना ताकद पोचवणारी ट्रान्सफर केस पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते. तीन दारांच्या थारचे पुढचे-मागचे आस २.४५ मीटर अंतरावर आहेत. मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळला तर पुढच्याचा साधारण ५.५७ मीटरने वळतो. अर्ध्या फेरीत पुढच्या चाकांना सरासरी पावणेदोन मीटर जास्त चालायचं असतं आणि शाफ्ट त्यांना तेवढं फिरू देत नाहीत. चिखलात टायर थोडे घसरतात आणि हा फरक जिरून जातो. डांबर घसरू देत नाही. मग सगळा पीळ शाफ्टांत आणि दात्यांत साठतो. स्टिअरिंग जड होतं आणि गाडी कुणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी चालते.

यावरचा उपायही जुनाच आहे, मधे तिसरं डिफरन्शियल. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये ते होतं. १९७७ च्या रशियन लाडा निवामध्येही होतं. अशा गाड्या डांबरावरही चारही चाकं जोडून फिरतात.

पण सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा आहे. ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. फोर बाय फोरमुळे गाडी सुटायला मदत होते, थांबायला नाही. घाट उतरताना काम थांबण्याचं असतं आणि ते टायर करतात. "फोर बाय फोर म्हणजे सुरक्षित" हे जाहिरातींनी मनावर बिंबवलेलं वाक्य मला धोक्याचं वाटतं, कारण त्यावर विसंबून माणूस वळणावर दहा किलोमीटर जास्त वेगाने जातो. उंच गाडीला तेच परवडत नाही. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था गाडी उलटण्याचा धोका मुख्यतः याच आकड्यावरून जोखते. साध्या मोटारींचा आकडा १.३ ते १.५ येतो, उंच एसयूव्हींचा साधारण १ ते १.३.

रोजच्या रस्त्यावर थारचा फायदा आहेच. तळाशी २२६ मिलिमीटर मोकळी जागा असते, ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता असते, आणि जोराच्या पावसानंतरच्या हिंजवडीत दोन्हींची किंमत कळते. मात्र त्यातल्या कशालाही चार चाकांची ताकद लागत नाही. २०२३ पासून मिळणारी फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही खड्डे तसेच पार करते. उभ्या काचेची चौकोनी गाडी हायवेवर मात्र डिझेल पिते. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून वाढतो. महिन्यातून दोनदा खरोखर चिखलात जाणार असाल तरच फोर बाय फोर घ्या.

ती घेतलीतच आणि चिखलातून डांबरावर आल्यावर लिव्हर फोर-हायमधून निघत नसेल, तर त्याच्याशी झटापट करू नका. मागे मोकळा रस्ता बघून गाडी दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या. शाफ्टांतला पीळ उलगडतो आणि लिव्हर सुटतो.