बेंटोनाइटचे अस्तर

बेंटोनाइटचे अस्तर : कचराभूमीतील दूषित द्रव झिरपून भूजलात मिसळू नये म्हणून तिच्या तळाशी व बाजूंना देण्यात येणारा बेंटोनाइट या मृत्तिकेचा थर. बेंटोनाइट हे मुख्यतः ज्वालामुखी राखेत रासायनिक बदल होऊन बनते व त्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज प्रमुख असते. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील फोर्ट बेंटन शेलवरून डब्ल्यू. सी. नाइट यांनी १८९८ मध्ये हे नाव रूढ केले. भारतात त्याचे साठे मुख्यतः राजस्थान व गुजरातमध्ये (कच्छ) आहेत.

पाणी धरण्याची क्रिया : माँटमोरिलोनाइटाचे कण सु. १ नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यातील काही ॲल्युमिनियम अणूंची जागा मॅग्नेशियमाने घेतल्यामुळे त्यावर ऋण विद्युत् भार येतो. या भाराचे संतुलन पापुद्र्यांमधील सोडियम किंवा कॅल्शियम आयन करतात. पाणी मिळताच त्याचे रेणू या आयनांभोवती गोळा होतात व पापुद्रे दूर सारले जातात. सोडियम आयनांची पकड सैल असल्याने पुढे तर्षणाने आणखी पाणी आत ओढले जाते व मृत्तिका मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगते. कॅल्शियम आयन मात्र पापुद्र्यांना जखडून ठेवतात. त्यामुळे फुगणे लवकर थांबते.

अस्तरात मृत्तिकेस मोकळेपणाने फुगण्यास वाव नसतो. ती कणांमधील पोकळ्या भरून काढते. पापुद्र्यांलगतचे पाणी जवळजवळ जागीच खिळून राहते आणि वाहत्या पाण्यास अतिशय अरुंद व वळणावळणाचे मार्गच उरतात. अशा रीतीने धरलेले पाणीच बाहेरच्या पाण्याची वाट अडविते.

उपयोग व मर्यादा : घातक कचऱ्याच्या भूमीसाठी दाबून बसविलेल्या मातीच्या अस्तराचा पार्यता गुणांक सेकंदास १ मीटरच्या एक अब्जांशापेक्षा अधिक नसावा, असा सामान्य निकष आहे. दोन कृत्रिम कापडांमध्ये बेंटोनाइट भरलेल्या, सु. १ सेंमी. किंवा त्याहून कमी जाडीच्या चटईची पार्यता गोड्या पाण्यात याच्या विसांश ते शतांश असते. चाचणीत २ ग्रॅ. चूर्ण पाण्यात फुगून किमान २४ मिलि. व्हावे, अशी अपेक्षा असते.

तथापि हा गुण कायमचा नसतो. कचऱ्याच्या द्रवातील किंवा भोवतालच्या मातीतील कॅल्शियम सोडियमाची जागा घेते, तेव्हा फुगण्याची शक्ती घटते. तीव्र क्षारयुक्त द्रवातही असेच घडते. माँटमोरिलोनाइटासारखीच फुगणारी खनिजे असलेल्या महाराष्ट्रातील काळ्या जमिनीस उन्हाळ्यात जशा भेगा पडतात, तशा वाळलेल्या अस्तरासही पडतात. आयनांची अदलाबदल झालेली असल्यास त्या पुन्हा भिजूनही पूर्णपणे बुजत नाहीत व परिसरातील विहिरी दूषित होण्याचा धोका उद्‌भवतो. म्हणून अस्तर टाकल्यावर ते त्वरित मातीने झाकतात व कचऱ्याचा द्रव पोहोचण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने भिजेल अशी दक्षता घेतात. घातक कचऱ्यासाठी त्यावर प्लॅस्टिकचा जलाभेद्य पडदाही घालतात.