अधिकारपदावरील अभियंता आणि तांत्रिक सराव
औसा तालुक्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे दगावली. भिंतींचे दोन पदर एकत्र धरणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्क्यासरशी पदर सुटून भिंती ढासळल्या. माळवदावरील मातीच्या भाराने हानी वाढविली.

भूकंपविषयक मानकात तेव्हा हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो विभागच रद्द होऊन किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. त्यापूर्वी पदवी घेतलेल्या अभियंत्याला हा बदल नोकरीत असतानाच शिकावा लागला.

पदोन्नतीनंतर दिवस निविदा, देयके व बैठका यांत जातो. संकल्पचित्रांची तपासणी कनिष्ठांकडे सोपविणे गैर नाही. मात्र त्यांची चूक वरिष्ठाला ओळखता आली पाहिजे. त्यासाठी सुधारित मानक मुळातून वाचावे, अधूनमधून एखादे गणित स्वतः सोडवावे आणि दारे-खिडक्यांवरील सलग पट्टीचे काँक्रीट ओतण्यापूर्वी कामावर हजर राहावे. कोपऱ्यात सळई वळवून लगतच्या भिंतीत पुरेशी नेली आहे की नाही, हे मोजमाप पुस्तिकेतील वजनावरून कळत नाही.