भुलेतील जाग : रुग्णाचे म्हणणे ऐकून घ्या

कर्जत व खालापूर तालुक्यांतील रुग्णाला हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई, पनवेल किंवा पुणे गाठावे लागते. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयरोपण केले. तेव्हापासून हृदयशस्त्रक्रियेने मोठी मजल मारली आहे. तरीही घरून निघणाऱ्या रुग्णाच्या मनात एक शंका असतेच : मध्येच जाग आली तर?

जाग का येते?

संपूर्ण भूल तीन गोष्टी साधते : शुद्ध हरपणे, वेदना थांबणे व स्नायू सैल पडणे. यांसाठी बहुधा वेगवेगळी औषधे दिली जातात. स्नायू सैल करणारे औषध चालू असताना शुद्ध हरपणारे औषध कमी पडले, तर रुग्ण जागा होऊनही हात हलवू शकत नाही की हाक मारू शकत नाही.

हृदयशस्त्रक्रियेत हा धोका थोडा अधिक असतो. दुर्बळ हृदयाला भुलेची मोठी मात्रा सोसत नाही. रक्ताभिसरण यंत्रावर घेतल्यावर फुफ्फुसांचे काम थांबते. त्यामुळे भुलेचा वायू यंत्रातून किंवा औषध शिरेतून द्यावे लागते. हृदयरोगाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही व जागेपणाची ती खूण लपते. म्हणून भूलतज्ज्ञ औषधाच्या मात्रेवर सतत लक्ष ठेवतात. काही ठिकाणी मेंदूतील विद्युतलहरींचे मापनही केले जाते.

ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत अशा तक्रारींचे प्रमाण सुमारे १९ हजार भुलींमागे एक, तर हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांत सुमारे ८,६०० मागे एक आढळले. रुग्णांना मुद्दाम प्रश्न विचारून केलेल्या अन्य अभ्यासांत मात्र ते हजारी एक ते दोन इतके दिसले. न विचारल्यास अनेकजण गप्प राहतात, हाच याचा अर्थ.

दोन वेगळ्या आठवणी

शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात शुद्ध येते तेव्हा घशात श्वासाची नळी असते व बोलता येत नाही. ही जाग अपेक्षितच असते. रुग्णाला हे आधी सांगितलेले असले, तर तो घाबरून जात नाही. शस्त्रक्रिया चालू असतानाची आठवण निराळी. तिच्यामुळे पुढे झोप उडणे, दुःस्वप्ने पडणे, दवाखान्याची धास्ती बसणे असे त्रास होऊ शकतात.

गावपातळीवरील कर्तव्य

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आशा कार्यकर्त्या यांचा सल्ला रुग्णाचे कुटुंब मानते. दारूचे व्यसन, झोपेच्या गोळ्या, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यातील कोणाला पूर्वी भुलेत झालेला त्रास, यांतील काहीही भूलतज्ज्ञांपासून लपवू नये, असे त्यांनी कुटुंबास समजावून सांगावे. लाजेपोटी लपविलेली माहिती भुलेची मात्रा ठरविताना घातक ठरते.

घरी परतलेला रुग्ण "मला आतले बोलणे ऐकू येत होते" असे म्हणाला, तर त्यास भ्रम समजून हसण्यावारी नेऊ नये. झोप लागण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते, जागे झाल्यावरचे पहिले काय आठवते आणि मधले काही आठवते का, हे शांतपणे विचारावे व त्याला त्याच रुग्णालयातील भूलतज्ज्ञांकडे पाठवावे. घडले ते समजावून सांगितल्याने व वेळीच मानसोपचार मिळाल्याने पुष्कळ त्रास टळतो. त्याची सुरुवात मात्र घरच्यांनी व गावकऱ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवण्यापासून होते.