महामार्ग आणि गावरस्ता

सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ धुळे व जळगाव जिल्ह्यांतून जातो. धुळ्यास मुंबई–आग्रा महामार्ग त्याला छेदतो. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले; पूर्व-पश्चिम मार्गांस विषम, तर उत्तर-दक्षिण मार्गांस सम. त्यानुसार खानदेशातील हा मार्ग आता क्रमांक ५३ होय.

लांब पल्ल्याच्या मालमोटारीस अखंड वेग हवा असतो. शाळकरी मुले, सायकलस्वार व बैलगाडी यांस रस्ता निर्धोकपणे ओलांडावयाचा असतो. या दोन्ही गरजा एकाच रस्त्यावर आल्या, की अपघात ओढवतात. जळगाव शहर महामार्गाच्या दोन्ही अंगांस वाढले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला आणि नागरिकांनी समांतर रस्त्यांची मागणी लावून धरली. चौपदरीकरणात पाळधी ते तरसोद असा शहराबाहेरील वळणरस्ताही आखण्यात आला.

परंतु वळणरस्त्याच्या कडेनेही दुकाने व वस्त्या उभ्या राहिल्यास तो काही वर्षांतच गावरस्ता बनतो. द्रुतगती मार्गाचे मर्म केवळ रुंदीत नसून नियंत्रित प्रवेशात आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ठरावीक ठिकाणीच वाहनांना प्रवेश मिळतो. खानदेशातील महामार्गास असे सलग कुंपण नाही. म्हणून कडेच्या बांधकामांवर ग्रामपंचायतींनी वेळीच लक्ष ठेवणे आणि भुयारी मार्ग वापरण्याची सवय शिक्षकांनी मुलांना लावणे, हेच येथील खरे कुंपण ठरेल.