अब्जांश विज्ञानाची कसोटी वऱ्हाडच्या रानातच

नवे विज्ञान खेड्यात प्रथम विक्रीच्या बाटलीतून येते आणि त्याची परीक्षा मागाहून होते, असा आपल्याकडील अनुभव आहे. अब्जांश, म्हणजेच ‘नॅनो’ तंत्रज्ञानाच्या बाबतीतही हाच क्रम चालू राहिला, तर त्याचे मोल कोरडवाहू वऱ्हाडाला द्यावे लागेल.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. इतक्या सूक्ष्म अवस्थेत वजनाच्या मानाने पदार्थाचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि त्याचे गुणधर्म पालटतात. थोड्या द्रव्यात अधिक कार्य साधण्याची जी आशा या शास्त्राने निर्माण केली आहे, तिचे मूळ येथे आहे. ही आशा पोकळ नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात डॉ. महेंद्र राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीच्या साहाय्याने चांदीचे अब्जांश कण तयार करण्याचे संशोधन केले. बुरशीचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात मिसळला की द्रावण तपकिरी होते. कण तयार झाल्याची ती खूण. त्यासाठी ना प्रखर उष्णता लागते, ना विषारी रसायने. या कणांच्या जंतुनाशक गुणांवर त्यांनी २००९ साली लिहिलेला आढावा जगभरच्या संशोधकांनी आधारास घेतला. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसापासून नॅनो सेल्युलोज तयार करण्याचे प्रायोगिक संयंत्र उभारले. आपल्याकडे चुलीत किंवा धुऱ्यावर जळणारी पऱ्हाटी हाही सेल्युलोजचाच साठा आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

तथापि, शेतकऱ्याच्या हाती आज पडते आहे ती पऱ्हाटीची किंमत नव्हे, तर नॅनो युरियाची बाटली. इफकोने २०२१ साली ती बाजारात आणली, तेव्हा अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल, असे सांगण्यात आले. गोणीत नत्र असते सुमारे २०.७ किलो, त्या पहिल्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे अवघे २० ग्रॅम. गोणीतील बरेचसे नत्र वाया जाते, हे खरे. पण दोनतृतीयांश वाया गेले असे धरले, तरी सात किलो उरतेच! उत्पादकांनी आपल्या चाचण्या अनुकूल असल्याचे म्हटले आहे. उलट, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत, शिफारस केलेल्या नत्राच्या तुलनेत भाताचे उत्पन्न १३ व गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पंजाबातील बागायती शेतात जर ही स्थिती, तर पावसावर विसंबलेल्या कपाशीचे व तुरीचे काय?

प्रश्न केवळ उत्पन्नाचा नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. परिचित औषधांच्या बाबतीतही आपण तोंडावरच्या फडक्यापलीकडे संरक्षण देऊ शकलो नाही. मग श्वासावाटे फुप्फुसात खोलवर शिरू शकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची काळजी कोण वाहणार? शिवाय चांदीचा कण रोगजंतू आणि जमिनीतील उपकारक जिवाणू यांत भेद करीत नाही.

यावरून या शास्त्राकडे पाठ फिरवावी, असे मुळीच नव्हे. प्रयोगशाळा अमरावतीत आहे आणि १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात. या दोहोंनी एकत्र येऊन काळ्या कसदार जमिनीत, मुरमाड रानात आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात प्रत्येक नव्या उत्पादनाची निदान तीन हंगाम चाचणी घ्यावी, तिचे निष्कर्ष, प्रतिकूल असले तरी, मराठीत प्रसिद्ध करावेत आणि शासनाने त्यानंतरच विक्रीस परवानगी द्यावी. संशोधनाचा पैसाही बाटलीइतकाच पऱ्हाटीकडे वळावा.

पीककर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाचे शेत हीच प्रयोगशाळा समजण्याचा अधिकार कोणालाही नाही. फसलेल्या प्रयोगाने संशोधकाचा एखादा निबंध वाया जाईल. शेतकऱ्याचे मात्र अख्खे वर्ष जाते.